मिनियापोलिस न सोडलेले दोघं

प्रिय सौऱ्या,

व्हॉट्सॲपवर टाइप करायला घेतलं होतं पण ते लांबतच गेलं, मग म्हटलं मेलच करू, निवांत वाच. तू मिनियापोलिसला गेल्यापासून नुसते बर्फाचे फोटो टाकतोयस आणि तिथलं म्युझिक म्हटलं की तुझी गाडी पॉपस्टार प्रिन्सच्या पुढे जात नाही. आणि वर परवा फोनवर म्हणालास की इंडिपेंडंट रॅपर म्हणजे ज्याला कुठल्या कंपनीने घेतलं नाही तो. तिथेच माझं डोकं फिरलं, खरं सांगतो.

ॲटमॉस्फियर ही हिप हॉप जोडी ऐक. तुझ्याच गावचे आहेत. स्लग रॅप करतो, म्हणजे शॉन डेली, वडील काळे, आई गोरी, साऊथ मिनियापोलिसमध्ये वाढलेला, आणि अँट म्हणजे अँथनी डेव्हिस बीट्स, म्हणजे मागचं संगीत करतो. पहिला अल्बम 'ओव्हरकास्ट!' १९९७ चा, तेव्हा स्पॉन नावाचा अजून एक रॅपर होता, तो नंतर बाहेर पडला आणि तेव्हापासून हे दोघंच. हिप हॉप म्हणजे न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस असा तो काळ, मिनेसोटाच्या पोरांना कोण विचारणार. मग त्यांनी सिद्दिक आणि रॅपर मुसाब यांच्यासोबत १९९५ मध्येच स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी काढली, ऱ्हाइमसेयर्स. कॅसेटी स्वतःच काढायच्या, स्वतःच विकायच्या, असं चालू झालं ते.

आता यातली गंमत बघ. रेडिओ नाही, टीव्ही नाही, मग पैसा कुठून येणार, तर टूरमधून. गावोगाव छोट्या क्लबात शो करायचे आणि तिथेच सीडी, टीशर्ट विकायचे. 'सॅड क्लाउन बॅड डब' नावाची सीरिज तर टूरवर विकायला म्हणूनच सुरू केलेली. १९९९ मध्ये हेनेपिन ॲव्हेन्यूवर फिफ्थ एलिमेंट नावाचं स्वतःचं रेकॉर्डचं दुकान टाकलं (शोधत जाऊ नकोस, २०२० मध्ये बंद झालं), आणि २००८ ते २०१९ साऊंडसेट हा फेस्टिव्हल, जो पुढे स्टेट फेअरच्या, म्हणजे राज्याच्या जत्रेच्या मैदानावर भरायला लागला. म्हणजे गाणी यांची, लेबल यांचं, दुकान यांचं, स्टेज पण यांचंच. 'गॉड लव्ज अग्ली' या अल्बमनंतर नाव झालं तरी २००३ चा 'सेव्हन्स ट्रॅव्हल्स' काढताना हात मिळवला तो एपिटाफशी, म्हणजे पंकवाल्यांच्या इंडिपेंडंट लेबलशी. आणि एमएफ डूम या नावाजलेल्या रॅपरचा 'एमएम..फूड' पण २००४ मध्ये ऱ्हाइमसेयर्सनेच काढलाय, एवढं एकच सांगितलं तरी तुला कळेल की हे कोणी ऐरेगैरे नाहीत.

सुरुवातीच्या अल्बममधलं स्लगचं बायकांवरचं रडगाणं मात्र मला आता झेपत नाही, विशीत भारी वाटायचं, आता वाटतं अरे बाबा जरा स्वतःकडे पण बघ. लोकांनी त्याला इमो रॅप, म्हणजे रडका रॅप म्हणून चिडवलंही. पण २००८ चा 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू लेमन्स, यू पेंट दॅट शिट गोल्ड' घे, तिथे माणूस बदललेला दिसतो. स्वतःचं कमी, दुसऱ्यांच्या गोष्टी जास्त, कामावर पिचलेली, पैशाची ओढाताण असलेली साधी माणसं. अँटनेही सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून उचललेले तुकडे, बाजूला ठेवून खरे गिटार-कीबोर्डवाले बसवले, आणि एका गाण्यात चक्क गायक टॉम वेट्स बीटबॉक्स करतो, म्हणजे तोंडाने ताल धरतो! अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत पाचव्या नंबरवर आला तो अल्बम. त्यातलं 'यस्टरडे' आधी ऐक, हेडफोन लावून. सगळा वेळ वाटतं की जुन्या गर्लफ्रेंडशी बोलतोय, आणि शेवटी कळतं की ते वारलेल्या वडिलांसाठी आहे. मी याहून जास्त सांगणार नाही, अर्धं आधीच फोडलं.

मॅकलमोर आणि रायन लुईस ही रॅपची जोडी पण इंडिपेंडंटच ना, असं तू म्हणशील. बरोबर आहे, 'थ्रिफ्ट शॉप' नंबर वनला गेलं, २०१४ ला ग्रॅमी पण मिळाले, पण दोघांची वाट २०१७ मध्ये वेगळी झाली. ॲटमॉस्फियरवाले हे दोघं कधी तेवढे मोठे झालेच नाहीत आणि मला वाटतं म्हणूनच टिकले. रॅपमध्ये पन्नाशी गाठणं सोपं नाहीये यार. स्लग आता घर, पोरं, झोप न येणं, म्हातारपण यावर रॅप करतो आणि ते केविलवाणं वाटत नाही. २०२५ चा 'जेस्चर्स' तर सव्वीस गाण्यांचा, गाण्यांची नावं ए टू झेड क्रमाने. चार-पाच गाणी कमी चालली असती, पण हौस आहे ना, आणि नको म्हणणारा कोणी वरिष्ठ बसलेला नाही.

तिथल्या फर्स्ट ॲव्हेन्यू क्लबला त्यांचा शो लागला की तिकीट काढ, आळस करू नकोस. आणि भारतात येताना 'लेमन्स'चा विनाइल दिसला तर माझ्यासाठी घे, पैसे लगेच पाठवतो, फक्त डॉलरचा रेट सांगताना जरा हळू सांग.

तुझा,
नित्या