थंडीचा आकडा छापता, पण तो कुठला ते पण छापा की

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की आपल्या पेपरात तीन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली, यंदा कडाक्याची थंडी पडणार. दुसरी, निफाडचा पारा घसरला, राज्य गारठलं. आणि तिसरी म्हणजे महाबळेश्वरच्या वेण्णा लेकचा फोटो, जीपच्या टपावर पांढरा थर आणि तो बोटाने खरवडणारे पर्यटक, खाली लिहिलेलं असतं की बर्फ पडला. वाचायला मजा येते, खोटं कशाला बोलू. पण मी निफाड तालुक्यातला द्राक्षवाला, आणि ह्या तिन्ही बातम्या वाचून सुद्धा आज रात्री बागेत जायचं का झोपायचं एवढं काही मला कळत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबेल, कात्री लावली तरी चालेल पण मुद्दा ठेवा.

आधी त्या "यंदा कडाक्याची थंडी"चं बोलू. हवामान खातं नोव्हेंबर संपता संपता डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज देतं, त्यात असतं काय तर तीन महिन्यांचं सरासरी तापमान नेहमीपेक्षा जास्त राहील, कमी राहील का नेहमीसारखं राहील ह्याची शक्यता, ती पण देशाच्या नकाशावर रंग भरून. त्यात कुठेही लिहिलेलं नसतं की अमुक गावाला अमुक तारखेला पाला जळेल. पण पेपरात येईपर्यंत त्याचं होतं "हाडं गोठवणारी थंडी येतेय, स्वेटर काढून ठेवा". बरं ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार पडतं तो प्रकार) असला की हेडिंग आणखी मोठं. ला निनाचा आणि उत्तर भारतातल्या थंडीचा संबंध आहे, नाही असं नाही, पण तो तीन महिन्यांच्या हिशोबाचा झाला, एका रात्रीचा नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला ३.५ अंश नोंदले गेले आणि त्या हिवाळ्यात ला निना नव्हताच. द्राक्षाला, केळीला, टोमॅटोला सरासरी लागत नाही हो, एक रात्र पुरते, फार तर दोन. नव्वद दिवस उबदार गेले आणि एका पहाटे पाला जळाला तर सरासरी मस्तच दिसणार, आणि बँकेचा हप्ता काही सरासरीवर ठरत नाही.

आता आकड्याचं. "निफाड ५ अंश" असं तुम्ही छापता. हा आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरून, तिथे पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर थर्मामीटर असतो. पेटी कशाला तर थर्मामीटरला ऊन लागू नये आणि रात्री त्याची ऊब सरळ आकाशात निघून जाऊ नये म्हणून, आणि सगळ्या जगात अशीच मोजतात म्हणून एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करता येते, ते बरोबरच आहे. पण माझी वेल पेटीत नाही ना. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की जमीन आणि पानं आपली ऊब वर सोडून देतात आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, गवताच्या पातीवर पेटीतल्या आकड्यापेक्षा तीन चार अंश कमी सहज असतं. म्हणजे पेपरातला ५ हा माझ्या बांधावरच्या गवताला १ झालेला असतो. त्यात गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट वावरात साठते, त्यामुळे माळावरची बाग वाचते आणि ओढ्याकाठची जळते, गट नंबर शेजारी शेजारी असले तरी. हे आमच्याकडे म्हातारी माणसं पण सांगतात, त्याला कुठला ॲप लागत नाही. ॲपचं तर बोलूच नका, त्यातला आकडा म्हणजे कित्येक किलोमीटरच्या चौकोनाचा मिळून एक, त्यात ओढा पण आला आणि माळ पण आला.

आणि आणखी एक, सकाळी साडेआठला नोंद होते ती बातमी तुमच्याकडे दुपारी येते आणि माझ्या हातात पेपर पडतो दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे मी जे वाचतो ती कालच्या पहाटेची थंडी. सर्वात गार वेळ असते सूर्य उगवायच्या आसपास, म्हणजे पेपर वाचेपर्यंत आजची पण होऊन गेलेली असते. मला पाहिजे आज रात्रीचं, आणि मिळतो कालचा रेकॉर्ड.

आता महाबळेश्वरचा बर्फ, कारण खरा राग तिथे आहे. माणसं खूश होतात, पर्यटन वाढतं, त्याला माझी ना नाही. पण वेण्णा लेक आणि लिंगमळ्याला जे होतं ते दव गोठतं, वरून काही पडत नाही. हिमवर्षावाला ढग लागतात, ढगात बर्फाचे कण तयार होऊन ते खालपर्यंत न वितळता यावे लागतात, त्यासाठी वरपासून खालपर्यंत हवा पुरेशी गार पाहिजे, ती काश्मीर हिमाचलला असते. आपल्याकडे जे होतं ते बरोबर उलट्या रात्री होतं. ढग नको, वारा नको, चांदण्या स्वच्छ पाहिजेत. ढग आले की ते गोधडीसारखे ऊब धरून ठेवतात आणि पारा उलट वर जातो. आता जो माणूस तुमचा फोटो बघून समजून बसला की बर्फ आकाशातून येतो, तो आभाळ भरून आलं की घाबरणार आणि आकाश मोकळं झालं की निवांत झोपणार, आणि घात नेमका त्या मोकळ्या रात्रीच होणार. नवीन पोरं बाग करायला लागलेत, फोनवर बघून शेती शिकतायत, त्यांना हे कोणी सांगायचं?

त्याच महाबळेश्वरला बघा, वेण्णा लेकला दव गोठलेलं असतं आणि वेधशाळेचा आकडा पुष्कळदा शून्याच्या बराच वर असतो. मग लोक वेधशाळेलाच खोटं ठरवतात. खोटं कोणीच नाही, वेधशाळा वर पठारावर आणि तळं खोलगट भागात, शिवाय एक आकडा पेटीतला आणि दुसरा जीपच्या टपावरचा. हे दोन वाक्यात फोटोखाली छापता येतं. आणि त्याच फोटोच्या आजूबाजूला स्ट्रॉबेरीची वावरं असतात, त्या पानांवरचा पांढरा थर फोटोत छान दिसतो पण शेतकऱ्याला काय दिसतं ते विचारा कधीतरी.

गोठलेलं पान पहाटे कडक आणि चकचकीत असतं, काही झालंय असं वाटत पण नाही. ऊन वर आलं की ते उकडल्यासारखं पाणचट होतं, मऊ पडतं, खाली लोंबतं, आणि दुपारपर्यंत काळं. आतलं पाणी गोठून पेशी फुटलेल्या असतात, मग औषध मारा नाहीतर टॉनिक मारा, ते परत येत नाही. कधी कधी पांढरा थर धरतच नाही, हवा इतकी कोरडी असते की दवच पडत नाही आणि पान तसंच गोठतं, तो प्रकार जास्त वाईट कारण पहाटे बॅटरी मारून बघितलं तरी काही दिसत नाही. शून्यापर्यंत जायची पण गरज नाही, पारा चार पाचच्या खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, मण्यात पाणी उतरायच्या वेळेला दिवस रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडला की थॉमसन जातीच्या द्राक्षात पिंक बेरी येते, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडतात, आणि तो माल एक्स्पोर्टला चालत नाही. त्यासाठी आम्ही घडांना पेपर गुंडाळतो, तुमचाच असतो बऱ्याचदा, रद्दीतला. म्हणजे थंडीत तुमचा पेपर माझ्या कामाला येतो तो असा. तिकडे खानदेशात केळीवाल्यांचं वेगळंच, निसवणीला आलेल्या, म्हणजे घड बाहेर टाकायला लागलेल्या झाडाचा घड थंडीने आतच अडकतो. गहू हरभरावाला मात्र खूश असतो, त्यांना थंडी मानवते, म्हणजे एकाच गावात एकाच थंडीला दोन तोंडं. "थंडीने बळीराजा चिंतेत" असं सरसकट लिहिता तेव्हा गहूवाला हसतो बरं का.

थंडीच्या लाटेचं पण सांगतो, कारण ह्यावरून गावात नेहमी वाद होतात. हवामान खात्याचा नियम असा, सपाट भागात किमान तापमान १० किंवा त्याच्या खाली असेल आणि नेहमीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट, त्याहून जास्त घसरलं तर तीव्र लाट. किंवा सरळ ४ किंवा खाली आलं तर लाट, २ किंवा खाली तर तीव्र. किनाऱ्याला हाच हिशोब १५ अंशांपासून, कारण मुंबईकराला तेवढ्यातच हुडहुडी भरते (मुंबईच्या सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत ७.४ पर्यंत गेलं होतं, पण ते असो). आता आमच्याकडे जानेवारीत किमान सरासरीच दहाच्या आसपास असेल तर ६ अंश झाले तरी ती लाट नाही, कारण फरक चारचाच. म्हणजे तुमच्या पेपरात "लाट नाही, दिलासा" आणि माझ्या गवतावर जेमतेम दोन तीन अंश. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, तो देशभराला एका मापात मोजायला केलाय, पण लाट नाही म्हणजे धोका नाही असा अर्थ तुम्ही काढून देता तो चुकीचा.

नाशिकला ७ जानेवारी १९४५ ला ०.६ अंश नोंदलेत, पुण्याला १७ जानेवारी १९३५ ला १.७. हे पेटीतले आकडे, म्हणजे त्या रात्री उघड्यावर काय झालं असेल ह्याचा अंदाज करा. असल्या रात्री परत येणारच नाहीत असं कोणी समजू नये. पश्चिमेकडून येणारे ते झंझावात, जे काश्मीर हिमाचलला बर्फ टाकतात, ते पुढे सरकले की मागून उत्तरेची कोरडी गार हवा खाली उतरते, आधी विदर्भ आणि खानदेश, मग आम्ही. म्हणजे मनालीत बर्फ पडल्याची बातमी पहिल्या पानावर आली की मी दोन तीन दिवस पुढचे मोजतो. हा संबंध तुमच्या बातमीत कधी दिसत नाही, तिथला बर्फ वेगळा आणि इथली थंडी वेगळी अशाच बातम्या असतात.

आणि रात्री बाहेर कोण असतं हे पण जरा बघा. शेतीची लाईट आठवड्यात काही दिवस रात्रपाळीला असते, त्यामुळे पहाटे दोन तीनला माणूस पिकाला पाणी द्यायला गुडघाभर चिखलात दारं धरत असतो, त्याच वेळी तुमची बातमी लिहिणारा माणूस "गुलाबी थंडी" लिहून झोपलेला असतो. ऊसतोडीवाले तर बायकापोरांसकट पाचटाच्या कोपीत (उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत), ओल्या वावरात, बरोबर ह्याच महिन्यांत. त्यांच्या कोपीत आकडा काय असतो तो एकदा तरी छापा. आणि घर बंद करून शेगडी पेटवून झोपू नका एवढी एक ओळ रोज चौकटीत टाकली तरी चालेल, निखाऱ्याच्या वायूला वास नसतो आणि माणूस उठतच नाही.

मागणी फार मोठी नाही. आकडा छापताना तो पेटीतला आहे आणि वावरात तीन चार कमी धरा हे लिहा. सोबत आज रात्री आभाळ कसं, वारा किती, दवबिंदू तापमान (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते) किती हे द्या, तेवढ्यावर आम्ही आमचं ठरवू. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रं राज्यात आहेत, त्यातली तुमच्या आवृत्तीपुरती दहा वीस मंडळं घ्या, सगळा जिल्हा एका निफाडवर टांगू नका. मंगळवार शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो तो आतल्या पानावर कोपऱ्यात बारीक टायपात न टाकता नीट छापा. आणि उपाय छापताना धूर करा असं लिहिता ते जरा बघून लिहा, धुराने काही फार होत नाही, शेकोटीची ऊब आणि त्याने हललेली हवा कामाला येते, आणि त्याहून बरं म्हणजे पहाटे ड्रीप सोडणं, विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. पण ड्रीप सोडायला लाईट पाहिजे, ती कोणत्या गावाला कोणत्या रात्री आहे ते वेळापत्रक थंडीच्या अंदाजाशेजारी छापलंत तर त्या पानाची मी रद्दी करणार नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक