लाल दिवा म्हणजे ऊन नव्हे

महोदय,
नातवाच्या हट्टापायी आमच्या घरात बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियातला सरडा आला. दुकानदाराने लाल दिवा आणि तापणारा दगड गळ्यात मारला. म्हणे, रात्रंदिवस चालू ठेवा. पंधरा दिवसांत बिचाऱ्याचं पोट भाजलं.

मी निवृत्त वायरमन. दिवे बसवण्यात हयात गेली, पण हे गणित डॉक्टरांकडून नव्याने शिकलो. पेटीच्या एकाच टोकाला वरून पांढरा हॅलोजन, त्याखाली साधारण ४० अंश; दुसरं टोक २५-२६ अंशांवर, म्हणजे तापला की त्याला सावलीत सरकता येतं. दिवा डिमरवर, तापमापीचा सेन्सर थेट बसायच्या फांदीवर. रात्री सगळं बंद. शिवाय यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) नळी वेगळी, कारण त्या किरणांविना ड-जीवनसत्त्व नाही आणि हाडं मऊ पडतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे कुचकामी, काच ते किरण अडवते. नळी उजेड देत राहते, पण किरण आटतात. म्हणून ती वर्षाला बदलायची. (सौ. वीजबिल दाखवून टोमणे मारतात, ते वेगळंच.)

प्राणी विकताना एवढं कागदावर लिहून देण्याची सक्ती दुकानांवर का नसावी?

— एक आजोबा, नाशिक रोड