तुमची नात लेफ्ट हाफला खेळते

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, मागच्या वेळी तू नातीला विचारलंस, "एवढी धावधाव करतेस, मग गोल का नाही गं करत कधी?" ती "आजी, माझं काम वेगळं असतं" म्हणाली आणि कपडे बदलायला पळाली. तेव्हा घरात माणसं होती, विषय तिथेच राहिला. तिचं काम काय असतं ते आज मी सविस्तर लिहिते, कारण ते कळल्याशिवाय या पोरीचं खेळाचं वेड कळणार नाही.

ती हॉकीत लेफ्ट हाफला खेळते. मैदानाची डावी कड आणि मधली फळी, ही तिची जागा. आता हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते, डावी. खेळायचं त्याच बाजूनं. मागची फुगीर बाजू चेंडूला लागली की पंचांची शिट्टी वाजते. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक मिळत नाही, सगळ्यांना एकच. त्यामुळे होतं काय, की समोरची राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करणारी, चेंडू आपल्या उजव्या हाताला ठेवून कडेकडेनं सुसाट येते, तेव्हा तो चेंडू आपल्या पोरीच्या नेमका अडचणीच्या बाजूला असतो. मग एक तर स्टिक उलटी फिरवून, एका हातानं झेपावून तो अडवायचा, नाहीतर पायांनी आधीच अशी जागा धरायची की विंगरला कडेची वाटच मिळू नये आणि तिला आत, गर्दीत वळावं लागावं. हे दुसरं ती फार सुंदर करते. बघणाऱ्याला काही घडलं असं वाटतच नाही. विंगर वळली, चेंडू दुसरीकडे गेला, खेळ पुढे सरकला. टाळी पडत नाही. पण घरी आल्यावर ती मला हॉलमध्ये विंगर म्हणून उभी करते, सोफा ही कडेची रेषा असं ठरवते आणि "आई, तू आता इथून निघालीस, मी पाय असे टाकले, बघ, आता तुला जाता येतंय का?" असं करत अख्खा सामना माझ्याभोवती पुन्हा खेळते. खरंच जाता येत नाही.

ती डावखुरी आहे म्हणून तिच्या लहानपणी तुला किती काळजी वाटायची. हॉकीत डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाला असतो आणि स्टिक फिरवण्याचं सगळं काम तोच करतो. मला वाटतं, तिला रिव्हर्स, म्हणजे ती उलटी स्टिक, इतकी सहज जमते ती त्यामुळेच.

तिचं दुसरं काम पेनल्टी कॉर्नरचं, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. समोरच्या संघाकडून डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, चूक झाली की आपल्याला हा कॉर्नर मिळतो. चेंडू गोलच्याच रेषेवर, पण खांबापासून निदान दहा मीटर लांब ठेवतात. बचावाच्या पाच जणी, गोलकीपर धरून, गोलरेषेच्या मागे उभ्या राहतात आणि त्यांच्या बाकीच्या मुलींना मध्यरेषेपलीकडे जावं लागतं. आक्रमण करणाऱ्या सगळ्या डीच्या बाहेर वाकून तयार. चेंडूपाशी फक्त एकजण. तिनं तो पुश करून डीच्या टोकावरच्या स्टॉपरकडे पाठवायचा, स्टॉपरनं तो जागच्या जागी थांबवायचा आणि तिसरीनं ड्रॅग फ्लिक मारायची, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढत नेऊन गोलवर भिरकवायचा. चेंडू डीच्या बाहेर जाऊन आल्याशिवाय गोलवर मारता येत नाही, त्यामुळे या पहिल्या पुशला पर्याय नाही. ही पुश करणारी म्हणजे तुमची नात.

एक पाय मैदानाबाहेर ठेवून, कमरेत खूप वाकून, दुसऱ्या पायाचं लांब पाऊल टाकत चेंडू स्टिकला चिकटवून ओढत न्यायचा आणि सोडायचा. हूल देता येत नाही, नियमात बसत नाही. चेंडू जरासा उडाला की स्टॉपरच्या स्टिकवरून निसटतो. हळू गेला की बचावाची मुलगी धावत येऊन फ्लिकच्या आधी पोचते. वीतभर इकडेतिकडे झाला की फ्लिक मारणारीचं पाऊल चुकतं. आणि हे सगळं सेकंद-दीड सेकंदात संपतं. सराव संपल्यावर बाकीच्या मुली पाणी प्यायला बसतात तेव्हा ही आणि स्टॉपर अजून तिथेच असतात. स्टॉपरनं नुसती मान हलवली की ही चेंडू परत जागेवर ठेवते. दोघी बोलत नाहीत फारशा. मी गाडीत बसून बघते आणि मला हाक मारावीशी वाटत नाही.

गोल झाला की नाव लागतं फ्लिक मारणारीचं. मुली तिच्या गळ्यात पडतात, आणि आपली पोर तिकडून गोलरेषेवरून, सगळ्यात शेवटी, दोन्ही हात वर करून ओरडत त्या घोळक्यात घुसते. सगळ्यात मोठा आवाज तिचा असतो, आई.

तिला नुसत्या हॉकीचं वेड असतं तर सांगणं सोपं होतं. शाळेच्या क्रीडा महोत्सवात हिचे स्वतःचे सामने संपले की ही दिसेनाशी होते. शोधायला जावं तर कधी लांब उडीच्या खड्ड्यापाशी, मुली पळायला सुरुवात कुठून करतात ते बघत उभी, कधी व्हॉलीबॉलच्या कोर्टाशी. तिथेही तिची नजर स्मॅश मारणारीवर नसते, तिला चेंडू उचलून देणाऱ्या सेटरवर असते. चेंडू हातात येण्याआधीच सेटरनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून कुठे बघितलं, हे ती मला कोपरानं ढोसून दाखवते. ४×१०० मीटर रिलेमध्ये कोण पहिलं आलं हे तिला पुष्कळदा आठवत नाही, पण दुसरीनं मागे न बघता हात मागे केला आणि बॅटन बरोबर तळहातात पडलं, हे दोन दिवस सांगत असते. आणि आई, तू शाळेत खो-खो खेळायचीस हे तिला कळल्यापासून खांबाशी वेग न तोडता कसं वळायचं, हे तिला तुझ्याकडून शिकायचं आहे. विंगरच्या मागे वळताना ते उपयोगी पडेल असं तिचं म्हणणं आहे. मला ते पटतं. दोन्हीकडे शरीर खाली ठेवूनच वळावं लागतं.

मागच्या स्पर्धेत एका सामन्यात तिला पूर्ण वेळ बाहेर बसवलं. त्या संध्याकाळी ती खोलीत जाऊन रडली, जेवायलाही उशिरा आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या जागी खेळलेल्या मुलीला फोन करून सांगत होती, "त्यांची ती उंच विंगर तू दोनदा आत वळवलीस ना, ते भारी होतं." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. या वयात मला हे जमलं असतं असं वाटत नाही.

हे सगळं सुरू झालं ते टोकियो ऑलिंपिकपासून. २०२१ चा ऑगस्ट होता, ती लहान होती. आपल्या हॉकीच्या मुली पहिले तिन्ही सामने हरल्या होत्या, घरात कोणी फारसं बघतही नव्हतं. मग आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेला हरवून त्या उपांत्यपूर्व फेरीत आल्या आणि समोर ऑस्ट्रेलिया, गटातले पाचही सामने जिंकलेली. गुरजीत कौरनं पेनल्टी कॉर्नरवर एक गोल केला आणि उरलेला सगळा वेळ गोलकीपर सविता पुनिया आणि तिच्यापुढच्या मुली तो एक गोल सांभाळत राहिल्या. १-०. पोरगी टीव्हीसमोर उभीच होती, बस म्हटलं तरी बसेना. पुढे अर्जेंटिनाशी हरल्या, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनविरुद्ध ०-२ वरून ३-२ अशी आघाडी घेऊनही शेवटी ३-४. पदक मिळालं नाही. तरी आजही ती सगळ्यात जास्त वेळा बघते तो हाच हरलेला सामना. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, पोर का स्वतःला त्रास करून घेते? एकदा शेजारी बसून पाहिला तेव्हा कळलं, दुसऱ्या क्वार्टरमधले ते तीन गोल आले की ती अजूनही उठून उभी राहते. पुढे काय होणार हे पाठ असूनही.

बाबा, आता तुमचा प्रश्न. "दहावीला आलीये, या सगळ्याचं पुढे काय?" असं तुम्ही तिच्यासमोर विचारलंत, आणि ती गप्प बसली. मी तुम्हाला अगदी सरळ सांगते. पुढे बहुधा काही नाही. शाळेत हॉकी खेळणाऱ्या बहुतेक मुलींची स्टिक शाळा-कॉलेजनंतर सुटते. ही मोठ्या संघात जाईल असं तिच्या सरांना वाटत नाही, त्यांनी ते तिला प्रेमानं पण स्पष्ट सांगितलंय. तिला ठाऊक आहे. तरी पहाटे गजर वाजायच्या आधी उठून ती शिनगार्ड बांधत असते. खेळानं शिस्त लागते, तब्येत सुधारते, वाढीव गुण मिळतात, असं लोक सांगतात आणि ते खोटं नाही. पण तिच्या खेळासाठी अशी वकिली करावी लागावी हेच मला नको वाटतं. पंधराव्या वर्षी एखाद्या गोष्टीत ती इतकी बुडून जाते, दुसऱ्याचं चांगलं तिला इतकं स्वच्छ दिसतं, एवढं मला आज पुरे आहे. अभ्यासाचं मी बघते आहे, ठीक चाललाय. गणिताला थोडा जोर लावावा लागेल, तो ती लावेल. तुम्ही मात्र तिला "पुढे काय" विचारू नका. "आज काय काय झालं" असं विचारा आणि मग निवांत बसा, तासभर जाईल.

आई, लागण्याची तुला भीती वाटते, ती मलाही वाटते. हॉकीचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतकाच जड असतो, १५६ ते १६३ ग्रॅम, आणि तो कठीण असतो. ती माउथगार्डशिवाय मैदानात पाऊल टाकत नाही. कॉर्नर अडवायला उभी राहते तेव्हा चेहऱ्यावर मास्क असतो. तरी नडगीला, बोटांना लागतंच कधीमधी. त्या वेळी मी डोळे मिटून घेते, पण तिला थांबवत नाही.

सुट्टीत ती तुमच्याकडे येते आहे. बाबा, तुमच्यासाठी तिनं प्रश्न काढून ठेवलेत, सगळे १९७५ च्या विश्वचषकाबद्दल. क्वालालंपूरचा तो अंतिम सामना तुम्ही रेडिओवर ऐकलात, जसदेव सिंग यांच्या आवाजात, हे मी तिला सांगितलंय. पाकिस्तानविरुद्ध २-१, अशोक कुमारचा विजयी गोल, हे तिला वाचून माहीत आहे. तिला त्यापुढचं हवंय. नुसतं ऐकून डोळ्यांसमोर मैदान कसं उभं राहायचं? चेंडू डावीकडे आहे की उजवीकडे, हे कळायचं का? तेव्हा सामने गवतावर व्हायचे. उंचसखल गवतावर वेगात आलेला चेंडू थांबवायचे कसे, याचं तिला भारी नवल आहे, कारण ती टर्फवरच, म्हणजे कृत्रिम गवतावरच शिकली. लगेच पुढच्या वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फ आलं आणि आपण सातवे आलो, तेव्हा लोक काय म्हणाले, हेही तिला विचारायचंय. जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणून सांगा. रचून सांगितलेलं तिला लगेच कळतं.

आणि आई, तुझ्या शाळेच्या दिवसांत ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी नव्हतीच, ती आली १९८० साली मॉस्कोला. हे तिला कळलं तेव्हापासून तुला सगळा खेळ नीट समजावून द्यायचा असं तिनं ठरवलंय. ती तुला विंगर म्हणून उभी करणार. नुसतं उभं राहायचं, पळायचं नाही. गुडघ्याचा पट्टा मात्र लावून ठेव.

तुमची लेक