रुपयातल्या तेलाचा हिशेब संसदेत मांडा

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

स. न. वि. वि.

एप्रिल २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या पत्रकार परिषदेत तुम्ही म्हणालात की, भारत रशियाकडून महिन्याभरात जेवढे तेल घेतो त्याहून जास्त युरोप एका दुपारीच घेत असेल. इथे त्या वाक्याला भरपूर टाळ्या पडल्या. युक्रेन युद्ध सुरू असताना रशियाचे तेल घेण्याचा निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाने स्वस्त तेल नाकारायचे तरी का? पण त्यानंतर ‘आता तेल रुपयात, डॉलरची सद्दी संपली’ असा जो गजर सुरू झाला, त्याविषयी थोडे बोलायचे आहे.

११ जुलै २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने रुपयात व्यवहार मिटवण्यासाठी विशेष व्होस्ट्रो खाती, म्हणजे परदेशी बँकांची भारतीय बँकांतली रुपयाची खाती, उघडायला परवानगी दिली. सोय चांगली होती. वर्षभरात, मे २०२३ मध्ये, गोव्यातल्या शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला आलेले तुमचे पाहुणे, रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनी जाहीरपणे सांगितले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. येणार तरी कसे? २०२३-२४ मध्ये आपण रशियाकडून सुमारे ६१ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना विकला जेमतेम सव्वाचार अब्जांचा. विकणाऱ्याला आपल्याकडून काही घ्यायचे असेल तरच तो आपले चलन हातात धरतो. इराणचे उदाहरण आहेच. २०१२ पासून तेलाच्या बिलाचा काही भाग युको बँकेतून रुपयात जात होता आणि इराण त्या रुपयांतून आपला बासमती घेत होता. व्यवस्था चालली. तरीही मे २०१९ मध्ये अमेरिकेने इराणवरच्या निर्बंधांतून आपल्याला दिलेली सवलत काढून घेतली, तेव्हा आपण इराणचे तेल बंद केलेच. रुपयात पैसे दिल्याने निर्बंधांपासून सुटका होते, हा समज तिथेच निकालात निघायला हवा होता.

मग ऑगस्ट २०२३. इंडियन ऑइलने अबुधाबीच्या ॲडनॉक या सरकारी तेल कंपनीकडून दहा लाख पिंपे तेल रुपयात घेतले. ऐतिहासिक म्हणून त्याचा केवढा गाजावाजा झाला! दहा लाख पिंपे म्हणजे आपल्या एका दिवसाच्या आयातीचा साधारण पाचवा हिस्सा. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेच्या स्थायी समितीपुढे पेट्रोलियम मंत्रालयाचे म्हणणे आले : २०२२-२३ मध्ये सरकारी कंपन्यांच्या कच्च्या तेलाचे एकही बिल रुपयात भागले नाही, कारण पैसे हव्या त्या चलनात बदलून नेण्याची पुरवठादारांना धास्ती आहे आणि बदलण्याचा खर्चही मोठा आहे. ही बातमी आतल्या पानावर गेली. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

राहिला दिरहम, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचे चलन. रशियन तेलासाठी काही व्यवहार त्यात झाले आणि तेही डॉलरमुक्ती म्हणून मिरवले गेले. दिरहम १९९७ पासून डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. नोट बदलली, मोजपट्टी तीच.

गंमत म्हणजे आखाताला रुपया नवा नाही. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, कारण तिथून होणाऱ्या सोन्याच्या तस्करीने आपली परकीय चलनाची गंगाजळी आटत होती. कुवेतने १९६१ मध्येच स्वतःचा दिनार आणला. १९६६ च्या अवमूल्यनात इतरांच्या हातातल्या रुपयाची किंमत एका रात्रीत घसरली आणि तीही राज्ये एकेक करून रुपया सोडून गेली. तिथे रुपया चालायचा तो शतकानुशतकांच्या व्यापारामुळे. तो गेला, कारण धरून ठेवणाऱ्याला तोटा झाला. अबुधाबीत रुपया आणि दिरहममध्ये व्यवहार करण्याचा करार करताना ही आठवण कुणाला झाली होती का, कोण जाणे.

डिसेंबर २०२४ मध्ये दोह्यात तुम्ही स्वच्छ सांगितलेत की भारत कधीच डॉलर हटवण्याच्या बाजूचा नव्हता. डॉलर सोडाल तर शंभर टक्के आयातशुल्क लावू, अशी धमकी ट्रम्प यांनी ब्रिक्स गटातल्या (भारत, रशिया, चीन आदी) देशांना दिल्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. तुमचे म्हणणे मला मान्य आहे. मग हेच वाक्य देशातल्या सभांत का ऐकू येत नाही? बाहेर समजूतदारपणा आणि घरी आवेश, असे दोन सूर लावले की बाहेरचे लोक घरातलाही सूर ऐकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाचे कारण देऊन आपल्या मालावर अमेरिकेत जादा २५ टक्के शुल्क लागले, तेव्हा त्याची झळ वाक्ये फेकणाऱ्यांना बसली नाही, कपडे आणि कोळंबी निर्यात करणाऱ्यांना बसली.

म्हणून एवढेच मागतो : दर अर्थसंकल्पी अधिवेशनात एक तक्ता सभागृहापुढे ठेवा. वर्षभरात किती तेल कोणत्या चलनात घेतले, चलन बदलण्यात किती खर्च झाला आणि व्होस्ट्रो खात्यांत किती रुपये पडून आहेत, एवढे तीन रकाने. व्यापारी गुप्ततेचे कारण चालणार नाही, कारण कंपनीवार भाव मी मागत नाही. हे पेट्रोलियम आणि अर्थ खात्याचे काम आहे, असेही म्हणता येईल. पण स्थानिक चलनाचा तो करार जुलै २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या अबुधाबी दौऱ्यात झाला आणि परराष्ट्र धोरणाचे यश म्हणूनच आमच्यापुढे आला. तेव्हा त्याचा हिशेबही तुमच्याच खात्याने द्यावा.

आपला,
एक नागरिक