गिरणीत राहायला आलो, त्याबद्दल

मँचेस्टर
रविवार, 16 फेब्रुवारी 2025

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबा फोनवर एवढंच बोलले, "गिरणीतनं सुटावं म्हणून शिकवलं, आन् तू गिरणीतच राहायला गेलास व्हय?" आणि फोन आईकडे दिला. त्यानंतर मी जे सांगत बसलो त्यातलं निम्मंही तुम्हाला ऐकू गेलं नसणार. सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमच्या आवाजात बत्तीस वर्षं गेलेल्या कानांना मोबाइलवरचं बोलणं कुठून कळणार? म्हणून सगळं लिहून पाठवतोय. आई, तू वाचून दाखवू नकोस, बाबांना चष्मा दे.

इथे अशा घराला लॉफ्ट म्हणतात. आपल्याकडचा पोटमाळा नव्हे. जुन्या कारखान्याचा अख्खा मजला घेतात आणि मधे भिंती घालून घरं काढतात. हा अँकोट्स भाग सगळा सूतगिरण्यांचाच. मरे बंधूंची 1798 सालची गिरणी माझ्या घरापासून पाच मिनिटांवर अजून उभी आहे, तिच्यातही आता लोक राहतात. शेजारून रॉशडेल कालवा जातो, तो 1804 सालचा. एकेकाळी इथे नुसता धूर असायचा. आता कॉफीची दुकानं झालीत, शनिवारी बेकरीपुढे रांग लागते आणि तरुण मुलं घर मिळवायला धडपडतात.

आई, पाण्याचं तू विचारलंस. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली किती फूट झालं ते बघून झोपणारी माणसं आपण, 45 फुटांचा आकडा ऐकला की पोटात गोळा येतो. 2019 ला गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा तू एकटीनं धान्याची पोती जिन्यावर चढवली होतीस, ते मी विसरलेलो नाही. पण हा कालवा आहे, कृष्णा नव्हे. दरवाजे लावून पाणी टप्प्याटप्प्यानं अडवलेलं असतं. आणि मी तिसऱ्या मजल्यावर आहे. काळजी करू नकोस.

भाड्याचंही स्पष्ट सांगतो. महिना 1,150 पौंड, म्हणजे आपले सव्वा लाख. बाबा, मला माहितीय हा आकडा वाचून तुम्ही कागद खाली ठेवाल. आधीच्या घरात पाच जणांत एक न्हाणीघर होतं आणि ऑफिसला जायला दोन बस. इथून मी वीस मिनिटांत चालत पोचतो. जामीनदार इथलाच लागतो, तो माझ्याकडे नव्हता, म्हणून सहा महिन्यांचं भाडं एकदम भरावं लागलं. संक्रांतीला पैसे कमी पाठवले ते त्यामुळेच. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. गच्चीचं काम पावसाच्या आत करायचंच आहे, एप्रिलमध्ये पाठवतो.

अनामतीची भीती मात्र बाळगू नका. तुमची ग्रॅच्युइटी गिरणीला कुलूप लागल्यावर अडकली ती अडकलीच, तेव्हापासून आपल्या घरात कुणाकडे पैसे ठेवायचे म्हटलं की झोप उडते. इथे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत मागताच येत नाही. माझे 1,326 पौंड झाले. तेही मालकाच्या खिशात राहत नाहीत, 30 दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत नोंदवावे लागतात. मी नोंदीचा कागद मागून घेतला, त्याची प्रत पत्रासोबत आहे.

त्रास आहे तो थंडीचा. छत तेरा फूट, ऊब सगळी वर जाते. खिडक्या माझ्यापेक्षा उंच, काच एकेरी. इमारत वारसा यादीत असल्यामुळे मालकालाही त्या परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. दाखवताना एजंटनं यातलं काही सांगितलं नाही. जानेवारीत विजेचं बिल 140 पौंड आलं. रोज सकाळी काचांवरून ओघळ येतात, ते आईनं दिलेल्या पंच्यानं पुसून, पिळून मग मी चहा ठेवतो. बाबा, तुमच्याकडे हवेत ओलावा ठेवायचा प्लँट बंद पडला की पाळीभर धागे तुटायचे. इथे ते काम फुकटात व्हायचं, हवाच एवढी दमट. 1861 नंतर अमेरिकेतल्या युद्धामुळे तिकडचा कापूस येईना, तेव्हा आपल्याकडचा कापूस 'सुरत' नावानं इथे जास्त येऊ लागला. तंतू आखूड, धागा सारखा तुटायचा आणि कामगार रडकुंडीला यायचे. तुम्ही घरी येऊन कापसाच्या लॉटला शिव्या घालायचात ते आठवलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. घर बघायला आलो तेव्हा मजला रिकामा होता. ओळीनं ओतीव लोखंडाचे खांब, वर विटांच्या कमानी, लाकडी फरशीवर तेलाचे काळे डाग. आणि आवाज अजिबात नाही. मला एकदम खंडेनवमी आठवली. वर्षातून तेवढ्या एका दिवशी तुम्ही मला खात्यात न्यायचात. मशीन बंद, प्रत्येक फ्रेमला झेंडूचा हार. तुम्ही खांद्यावर घेऊन एकेक चाती दाखवायचात आणि त्या दिवशी तुम्हाला ओरडून बोलावं लागायचं नाही. एरवी रात्रपाळीहून यायचात ते भुवयांवर तूस घेऊन. आई अंगणात फडक्यानं झटकायची आणि तुम्ही झोपून जायचात. तुमचा साधा आवाज मी ऐकला तो खंडेनवमीला. हे घर मी त्यासाठी घेतलं, बाबा. गिरणीतून तुम्ही मला सोडवलंत हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तुम्ही जिथे उभे राहिलात ती जागा मला परकी नाही.

एक काम आहे, ते तुम्हालाच जमेल. खिडकीजवळच्या खांबाला छताखाली दीड फुटावर एक सपाट पाट ओतलेला आहे, त्याला चार बोल्टची भोकं. उभं अंतर नऊ इंच, आडवं सहा. दोन खांबांमध्ये दहा फूट चार इंच. मला वाटतं लाइन शाफ्टचा, म्हणजे छताखालून फिरणाऱ्या लांब दांड्याचा, ब्रॅकेट तिथे बसत असणार, कारण तेव्हा खाली एकच वाफेचं इंजिन असायचं आणि वर पट्ट्यांनी मशीन चालायची. पण पाट खांबाच्या एकाच अंगाला का आहे, ते कळत नाही. मागच्या पानावर टेपनं मोजून आकृती काढलीय. तिच्यावरच पेन्सिलीनं शाफ्ट आणि पट्टा कसा जात असेल ते दाखवा आणि आईला फोटो काढून पाठवायला सांगा.

तुमचा,
धाकटा