बाबांच्या पेसमेकरबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "अँजिओग्राफी स्वच्छ, टूडी एको नॉर्मल, मग मशीन कशाला बसवायचं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू हे मोठ्याने वाचून दाखव.

हृदयाच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात. अँजिओग्राफी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या दाखवते. एको स्नायू आणि झडपा दाखवतो. तुमचं इजेक्शन फ्रॅक्शन ६०% आहे, म्हणजे डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) भरलेल्या रक्तापैकी साठ टक्के रक्त ती दर ठोक्याला बाहेर ढकलते. हे उत्तम आहे. पण ठोका केव्हा पडायचा हे ज्या विजेच्या संदेशावर ठरतं, तो संदेश या दोन्ही तपासण्यांत दिसत नाही. तो ईसीजीत दिसतो, आणि तुमचा दोष, म्हणजे 'हार्ट ब्लॉक', तिथेच आहे. विहिरीवरची मोटर धडधाकट, पाइप मोकळा, पण स्टार्टरपासूनची वायर तुटलेली, तशी ही अवस्था. शेजारच्यांनी 'हार्ट ब्लॉक' ऐकून धमनीतल्या ब्लॉकेजचे उपाय सुचवले असतील, ते कृपया ऐकू नका. लसूण, अर्जुनसाल, चालण्याचे व्यायाम यांचा या वायरशी संबंध नाही.

ही वायर कुठून कुठे जाते ते सांगते. उजव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) वरच्या भागात, जिथे वरची महाशीर येऊन मिळते, तिथे पेशींचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचा एक पुंजका असतो. त्याला सायनस नोड म्हणतात. बसलेल्या माणसात तो मिनिटाला ६० ते १०० वेळा आपणहून संदेश सोडतो. संदेश दोन्ही कर्णिकांत पसरतो, त्या आकुंचन पावतात आणि रक्त खाली जवनिकांत येतं. कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये तंतुमय पडदा असतो आणि त्यातून वीज जात नाही. ओलांडायला वाट एकच, एव्ही नोड हा पेशींचा दुसरा पुंजका आणि त्याला जोडलेला तंतूंचा जुडगा, ज्याला हिसचा जुडगा म्हणतात. एव्ही नोडमध्ये संदेश सेकंदाचा साधारण दहावा भाग रेंगाळतो. हा उशीर मुद्दाम ठेवल्यासारखा आहे. त्या वेळात कर्णिका रिकाम्या होतात, जवनिका पुऱ्या भरतात. मग संदेश हिसच्या जुडग्यातून डाव्या-उजव्या फांद्यांत उतरतो आणि दोन्ही जवनिका एकाच वेळी दाबल्या जातात.

एव्ही नोडची नेमकी रचना १९०६ साली सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरने जर्मनीत मारबुर्गला शोधली. सायनस नोड पुढच्याच वर्षी आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी इंग्लंडमध्ये जगापुढे मांडला. फ्लॅक तेव्हा विद्यार्थी होता. इतकी महत्त्वाची गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या नजरेत आली नव्हती, याचं मला अजून नवल वाटतं.

आता तुमचा ईसीजी घ्या. सगळ्यात खालची लांब पट्टी बघा. बारीक, गोल उंचवटे दिसतील, ते कर्णिकांचे. दोन उंचवट्यांमध्ये साधारण अठरा बारीक चौकोन आहेत. एक चौकोन ०.०४ सेकंदाचा, म्हणजे कर्णिका मिनिटाला सुमारे ८३ वेळा चालतात. सायनस नोड ठणठणीत आहे. मग उंच टोकदार रेघा बघा, त्या जवनिकांच्या. त्यांच्यात बेचाळीस चौकोन, म्हणजे मिनिटाला ३६. दोघांचा एकमेकांशी काही मेळ नाही. उंचवटा कधी रेघेच्या आधी, कधी नंतर, कधी तिच्यात बुडालेला. वरचा संदेश खाली एकदाही पोहोचत नाही. यालाच कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात.

मग ३६ ठोके तरी कुठून येतात? हृदयाची ही शेवटची सोय आहे. वरून संदेश आला नाही तर जवनिकांमधल्याच काही पेशी मिनिटाला २० ते ४० असा आपला ठेका धरतात. तुमच्या टोकदार रेघा रुंद आहेत, ०.१४ सेकंदांच्या. नेहमी त्या ०.१२ च्या आत असतात. रुंद रेघ सांगते की ठेका अगदी खालून येतोय, आणि खालचा ठेका बेभरवशाचा असतो. तो मध्येच थांबू शकतो. मेंदूला रक्त थांबलं की पाच ते दहा सेकंदांत माणूस शुद्ध हरपून पडतो. आधी काही कळत नाही, बसायलाही सवड मिळत नाही. बाथरूममध्ये किंवा जिन्यावर तसं झालं तर काय होईल, हे मला लिहवत नाही.

तुम्ही म्हणाल, आतापर्यंत निभावलं की. निभावलं, कारण हृदयाने वेळ मिळतो तसं जास्त भरून घेतलं. एरवी दर ठोक्याला सत्तर मिलीलीटर रक्त निघतं, मिनिटाला पाच लिटर. आता दर ठोक्याला शंभर धरले तरी ३.६ लिटरच होतात. बसून राहायला पुरतात, जिना चढायला पुरत नाहीत. दम लागणं वयामुळे नव्हे, यामुळे आहे. वरचं बीपी १७० आणि खालचं ६० येतं तेही यामुळेच. एका ठोक्यात जास्त रक्त धमनीत शिरतं म्हणून वरचा आकडा चढतो, पुढच्या ठोक्याला उशीर म्हणून खालचा उतरतो. तेव्हा बीपी वाढलंय म्हणून जुन्या पट्टीतली ॲटेनोलॉल परत सुरू करू नका. ती ठोके आणखी कमी करते.

आणि आई, तू म्हणालीस ना, यांच्या मानेतली शीर मध्येच जोरात उडते? तुझं निरीक्षण अचूक आहे. उजवी कर्णिका दाबली जाते त्याच क्षणी कधी कधी जवनिकाही दाबलेली असते आणि मधली झडप बंद असते. रक्ताला खाली जायला वाट नाही, ते उलट मानेकडे उसळतं. दोघांचा मेळ तुटल्याची ही उघड्या डोळ्यांना दिसणारी खूण आहे.

गोळ्या बदलून भागेल का, हे डॉक्टरांनी आधीच पाहिलंय. ॲटेनोलॉल बंद करून आठवडा झाला, ठोके वाढले नाहीत. पोटॅशियम ४.४, थायरॉइड ठीक, हार्ट अटॅकची खूण नाही. उरतं ते वयानुसार त्या तंतूंमध्ये चिवटपणा आणि कॅल्शियम साचणं. या वयात सर्वाधिक आढळणारं कारण हेच, आणि त्याला औषध नाही.

पेसमेकरचं वजन वीस-तीस ग्रॅम, जाडी सात-आठ मिलिमीटर, बाहेरून टायटॅनियम. तो डाव्या कॉलरबोनखाली कातडीच्या आत बसतो. पूर्ण भूल नसते, तेवढीच जागा बधिर करतात. चार-पाच सेंटिमीटरचा छेद, खांद्याजवळच्या शिरेतून दोन वायरी, एक उजव्या कर्णिकेत, एक उजव्या जवनिकेत. छाती उघडत नाहीत. तास-दीड तास लागतो. वरची वायर तुमच्या सायनस नोडचा संदेश ऐकते, मशीन तेवढाच थोडा उशीर ठेवतं आणि खालची वायर जवनिकेला ठोका देते. म्हणजे वेग तुमचाच राहतो, चालताना वाढतो, झोपेत उतरतो. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं टिकते, मग फक्त डबी बदलतात, वायरी त्याच.

पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला. ते ४३ वर्षांचे होते, दिवसातून अनेकदा बेशुद्ध पडायचे, आणि डॉक्टरांच्या मागे लागली होती ती त्यांची बायको. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पुढे वीसहून जास्त यंत्रं बदलत ते २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन कॅन्सरने गेले.

धोके नाहीत असं मी म्हणणार नाही. क्वचित फुप्फुसाला सुई लागून हवा शिरते, म्हणून नंतर एक्स-रे काढतात. शंभरातल्या एक-दोघांची वायर पहिल्या काही आठवड्यांत सरकते. म्हणून चार ते सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. माळ्यावरचा डबा काढणं, दोरीवर धोतर झटकून टाकणं बंद. पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. कोपर आणि मनगट हलवा, जेवा, हात खांद्याखाली फिरवत राहा. पुढून बटणांचे शर्ट काढून ठेव, आई. डोक्यातून घालायचे बनियन नकोत. जखम डॉक्टर सांगतील तोवर कोरडी. लाल झाली, फुगली, पाणी आलं, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवायचं, घरगुती लेप नाही. सतत उचकी लागली तरी कळवा, वायरीचा करंट पोटावरच्या पडद्याला लागत असू शकतो.

मिक्सर, मायक्रोवेव्ह, टीव्ही चालतो. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब. मोबाईल डाव्या खिशात ठेवायचा नाही, उजव्या कानाला लावायचा. वेल्डिंगच्या जवळ उभं राहायचं नाही. फिजिओथेरपीत शेक किंवा करंट देण्याआधी, आणि एमआरआयच्या आधी पेसमेकरचं कार्ड दाखवायचं. मशीन घेतानाच एमआरआय चालेल असं आहे का ते विचारा.

बाबा, दसऱ्यानंतर बघू, हे नको. मिरजेला उद्याच ॲडमिट व्हा. मी डॉक्टरांशी बोलले आहे, खाट आहे. तोवर एकट्याने अंघोळीला कडी लावू नका, स्कूटर काढू नका. नाडी मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. ३० च्या खाली गेली किंवा क्षणभरही अंधारी आली तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. सोबत सगळे ईसीजी, एकोची सीडी, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि आधार कार्ड घ्या. रक्त पातळ करणारी गोळी तुम्ही घेत नाही, तरी विचारतील, तसं सांगा. मी रात्रीच्या गाडीने निघतेय, सकाळी थेट मिरजेला येते.

तुमची,
लेक