नव्वद मिळतात म्हणून नव्वद राहायचे नाहीत

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

सोयाबीन घरात आलं, कपाशीचा पहिला वेचा सुरू झाला. वेचणाऱ्या बाया जेवायला बसल्या आहेत तेवढ्यात हे लिहून काढतो, कारण फोनवर माझं बोलणं अर्ध्यात राहतं आणि तुझी आई मधेच हो म्हणून मोकळी होते.

तू म्हणालास, जर्मनीच्या व्हिसावर नव्वद दिवस मिळतात तर तुम्ही दोघं आमच्याकडे पुरे नव्वद राहा. मी तेव्हा गप्प बसलो ते नाराजीनं नव्हे. मला आधी कॅलेंडर समोर घेऊन बसायचं होतं. आता माझं म्हणणं सांगतो. आम्ही १५ मार्चला तिथं उतरावं आणि १८ मेला तिथून निघावं. उतरायचा दिवस धरतात, निघायचाही धरतात. मार्चचे १७, एप्रिलचे ३०, मेचे १८, असे ६५ दिवस होतात.

नव्वद ही सरकारनं आखलेली शेवटची रेघ आहे. तिथवर जायलाच पाहिजे असं नाही. शेजारच्या गावातले एक जण लेकीकडे तीन महिने राहून आले. ते सांगत होते की दोन महिन्यांनंतर माणूस खिडकीतून रस्ता बघत बसतो. तू आणि सूनबाई कामाला जाल, कोणी बोलायला नाही, भाषा येत नाही. आईला तर गोठ्यातल्या गाईशी बोलल्याशिवाय दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. तिनं तिथं आनंदानं राहावं, दिवस ढकलत राहू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट वावराची. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तूर, हरभरा निघून गेलेला असतो, सोसायटीचा मार्चअखेरचा भरणा मी निघण्याआधीच करून टाकीन. तिथवर ठीक. पण आंबिया बहाराची संत्री एप्रिल-मेमध्ये झाडावर लहान असतात. ऊन चढलं आणि पाणी एकदा चुकलं की फळगळ सुरू होते. विहिरीचं पाणी खाली गेलेलं, त्यात लाइन कधी दिवसा तर कधी रात्री. तुझे काका सगळं पाहतील, त्यांनी स्वतःहून सांगितलं आहे. पण त्यांचंही वावर आहे. दोन महिने मागणं शोभतं, तीन महिने मागणं त्यांच्यावर ओझं होईल. मेच्या विसाव्या तारखेपर्यंत मी घरी असलो की वखरणी, बियाणं, खत सगळं हाताखालून जातं आणि मृग लागायच्या आत वावर तयार होतं.

तू म्हणशील, मग आधी या, डिसेंबरात बाळ येईल तेव्हाच या. इथं माझं मत पक्कं आहे. पहिलं बाळंतपण माहेरचं. सूनबाईला त्या दिवसांत स्वतःची आई जवळ पाहिजे. जे आईला सांगता येतं ते सासूला सांगता येत नाही, सासू कितीही चांगली असली तरी. विहीणबाई १२ डिसेंबरला पोचून ८ मार्चला निघाल्या तर त्यांचे ८७ दिवस होतात. त्यांचा हिशेब त्यांच्या पासपोर्टवर, आमचा आमच्या. एकाच्या दिवसांचा दुसऱ्याशी संबंध नाही. मधला आठवडा तुम्ही दोघं आणि बाळ असे राहा, मग आम्ही पोचतो. अशानं सूनबाईला पाच महिने घरच्या बायकांचा हात मिळेल. विहीणबाई आणि आम्ही दोघं एकदम आलो तर दोन खोल्यांच्या घरात गर्दी, आणि मार्चनंतर ती एकटी. तिथल्या कायद्यानं बाळंतपणानंतरची आठ आठवड्यांची सुट्टी तर फेब्रुवारीतच सरेल. पुढची सुट्टी कोणी किती घ्यायची ते तुम्ही दोघांनी ठरवा, पण आमच्या तारखा त्याला जोडून आहेत हे लक्षात ठेव.

शिवाय १५ मार्चला बाळ तीन महिन्यांच्या आसपास असेल. मान धरलेली असेल, माणूस ओळखून हसत असेल. आमच्यासमोर ते पालथं पडायला लागेल. आईला हे सांगितलं तेव्हा तिचा डिसेंबरचा हट्ट सुटला.

आता नियमाचं. तू म्हणाला होतास की मधे चार दिवस पॅरिसला, चार दिवस स्वित्झर्लंडला जाऊ म्हणजे जर्मनीचे दिवस वाचतील. तसं वाचत नाहीत. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, त्या सगळ्यांची मिळून एकच मोजणी आहे. कोणत्याही दिवशी उभं राहून मागचे १८० दिवस बघायचे आणि त्यात मुक्कामाचे दिवस ९० च्या वर जायला नकोत. लंडन त्यात नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, म्हणून लंडन यावेळी सोडून दे. मुक्काम वाढवून घेऊ असंही मनात ठेवू नको. गंभीर आजार किंवा तसंच मोठं कारण असल्याशिवाय तो वाढत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी येण्याजाण्याची नोंद शिक्क्याऐवजी यंत्रात करायला सुरुवात केली आहे, चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन. एक दिवस जास्त झाला तरी तो दिसणार.

आणि व्हिसाच्या कागदावर दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्या तूही नीट बघ. एक म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. दुसरी म्हणजे किती दिवस. प्रवास पुढेमागे झाला तर सोय म्हणून तारखांमध्ये सहसा १५ दिवस जास्त दिलेले असतात. ते पाहून लोक समजतात की आपल्याला तेवढे राहता येतं. राहता येतं ते फक्त दिवसांच्या रकान्यात जो आकडा असेल तेवढंच, आणि तो ९० असेलच असं नाही. आपण जेवढे मागू तेवढे, कधी त्याहून कमीही देतात. म्हणून अर्जात, तुझ्या निमंत्रणपत्रात, तिकिटात आणि विम्यात एकच तारखा असू दे. विमा मात्र आठ-दहा दिवस जास्तीचा काढ. किमान ३०,००० युरोचा लागतो. त्यात आधीपासूनचा आजार बहुतेक धरत नाहीत, त्यामुळे आईच्या बीपीच्या गोळ्या मी इथूनच पूर्ण मुदतीच्या घेतो, डॉक्टरांच्या इंग्रजीतल्या चिठ्ठीसकट. तिचं बीपी हेही मुदत आखूड ठेवण्याचं एक कारण आहे. इथं डॉक्टर सायकलवर जाता येईल इतका जवळ आहे.

तुझ्याकडचं मोठं काम म्हणजे तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून आमच्या खर्चाचं हमीपत्र काढणं. त्याची वेळ मिळायला उशीर लागतो म्हणतात, ती आत्ताच मागून ठेव. तू सही करून आमची जबाबदारी घेतोस याचा मला अभिमान आहे. पण तिकिटं मी काढणार, तुरीच्या पैशातून. त्यावर वाद घालू नको.

माझ्याकडचे कागद मी जमवतो आहे. सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, बाजार समितीच्या कापूस-तुरीच्या हिशोबपट्ट्या. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर अमरावतीला करून घेतो. आम्ही परत येणार हे त्यांना पटायला पाहिजे आणि शेतकऱ्याकडे त्याला याहून मोठा पुरावा काय असणार? मेमध्ये परतायचं कारणही अर्जाच्या पत्रात सरळ लिहितो, की जूनमध्ये पेरणी आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. आम्ही डिसेंबरात करू, म्हणजे व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला अमरावतीहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला जाऊन येता येईल आणि कापसाचा दुसरा वेचाही हातावेगळा झालेला असेल.

आईनं बाळंतिणीसाठी डिंक, हळीव, मेथी, खोबरं असं निवडून ठेवायला घेतलं आहे. विहीणबाईंसोबत पाठवू म्हणते. ती गावरान तूपही कढवणार होती, तेव्हा तिला सांगावं लागलं की युरोपात बाहेरून दूधदुभत्याचा पदार्थ आणि मांस नेऊ देत नाहीत, तूप काढून घेतील. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तिथलं लोणी चांगलं मिळतं ना, विहीणबाई तिथंच कढवतील. संत्र्यांचंही तसंच, ताज्या फळाला सरकारी दाखला लागतो, म्हणून आपल्या बागेतली फळं यावेळी नाहीत. मृग बहाराची चार झाडं तुमच्यासाठी राखून ठेवली असती.

दिवाळीत पुन्हा या असं तू म्हणालास. नियमानं जमेल, कारण मार्च-मेचे दिवस तोवर १८० च्या मागे जवळजवळ निघून गेलेले असतील. पण दिवाळीत इथं कापूस असतो. पुढच्या दिवाळीला तुम्ही तिघं या, बाळाला पासपोर्ट वेळेवर काढ.

आता आधी विहीणबाईंचं बघ. त्यांना डिसेंबरात पोचायचं तर अर्ज याच महिन्यात गेला पाहिजे. निकालाला साधारण पंधरा दिवस लागतात, कधी जास्तही, आणि अर्ज द्यायची वेळ मिळायलाही उशीर लागू शकतो. त्यांच्या पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे तीन महिने आहे का, दोन पानं कोरी आहेत का, आज रात्रीच विचार. आमच्या ६५ दिवसांबद्दल सूनबाईशी बोल, तिला आठवडा इकडेतिकडे हवा असेल तर मला कळव, मी काकांशी बोलतो. मेच्या विसाव्या तारखेच्या पुढे मात्र ओढू नको.

तुझे बाबा

ता. क. मार्चमध्ये तिकडे थंडी किती असते ते आईला तूच सांग. माझं ऐकून ती एकच शाल काढून ठेवते आहे.